शिकार, रानवाटा आणि पिस्तुलाचे कॅलिबर : पुण्यातल्या नवशिक्यासाठी मार्गदर्शन

पिस्तुलाच्या कॅलिबरविषयी, म्हणजे ढोबळमानाने गोळीच्या व्यासाविषयी, माहिती शोधू लागलेल्या माणसासमोर पहिल्या दिवसापासून अमेरिकेतली चर्चा येऊन पडते. हरणासाठी .३५७ मॅग्नम पुरेल का, अस्वलांच्या प्रदेशात १० मि.मी. बरे की .४४ मॅग्नम, कमरेला दिवसभर कोणते पिस्तूल जड होत नाही, असे तिथले प्रश्न आहेत आणि तिथे ते रास्तही आहेत. पुण्यात राहणाऱ्या, नेमबाजीची आवड निर्माण झालेल्या किंवा मुळशी-जुन्नरकडे शेतघर असलेल्या वाचकाने मात्र हेच प्रश्न जसेच्या तसे उचलले, तर तो चुकीच्या दुकानात चुकीच्या वस्तूची चौकशी करू लागतो. म्हणून या लेखात कॅलिबरांची तुलना तर केली आहेच, पण ती आपल्याकडे ज्या क्रमाने निर्णय घ्यावे लागतात त्या क्रमाने मांडली आहे. आपल्याकडे आधी हेतू ठरवावा लागतो, मग कायदा पाहावा लागतो, आणि त्यातून जे उरते त्यात हाताला काय पेलते याचा विचार करावा लागतो.

पहिली पायरी : हेतूतून शिकार वगळणे

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार अनुसूचीत समाविष्ट असलेल्या वन्य प्राण्यांची शिकार करण्यास मनाई आहे. हातात परवान्याचे शस्त्र असल्याने त्या मनाईत काहीही फरक पडत नाही. रानडुकरांनी ऊस किंवा भुईमूग उद्ध्वस्त केला तरी शेतकऱ्याने स्वतः बंदूक उचलायची नसते. कलम ११ खालील परवानगी वन खात्यामार्फतच, ठरावीक परिस्थितीत आणि लेखी मिळते, आणि नुकसानभरपाईचा अर्जही त्याच खात्याकडे जातो. तेव्हा ‘शिकारीसाठी कोणते कॅलिबर’ या प्रश्नाचे पुण्यातले उत्तर ‘कोणतेही नाही’ असे आहे, आणि शस्त्रपरवान्याच्या अर्जात शिकार हे कारण लिहिण्याचा सल्ला कोणी दिला तर त्या सल्लागारापासूनच सावध राहावे.

उरतात दोन हेतू. एक क्रीडा नेमबाजी, दुसरा स्वसंरक्षण. या दोहोंसाठी लागणारी कॅलिबरे वेगळी आहेत, शिकण्याचा मार्ग वेगळा आहे आणि अर्जासोबत द्यावे लागणारे पुरावेही वेगळे आहेत. दोन्ही हेतू एकाच पिस्तुलात भागवण्याचा मोह नवशिक्यांना हमखास होतो. तो टाळावा, कारण स्पर्धेचे पिस्तूल कमरेला लावण्याजोगे नसते आणि कमरेला लावण्याजोग्या पिस्तुलाने गुण मिळत नाहीत.

दुसरी पायरी : कायद्याने काय उरते ते पाहणे

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांच्या चौकटीत पिस्तुले व रिव्हॉल्व्हर यांचे दोन गट पडतात. बोलीभाषेत त्यांना ‘प्रतिबंधित बोअर’ आणि ‘साधे बोअर’ म्हणतात (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास). ज्या हँडगनमध्ये, म्हणजे पिस्तुलात किंवा रिव्हॉल्व्हरमध्ये, लष्करी सेवेतले ९ मि.मी. काडतूस किंवा .३८० व .४५५ ही बुडाशी कड असलेली काडतुसे बसतात आणि उडवता येतात, त्या प्रतिबंधित गटात मोडतात. म्हणजे जगात सर्वाधिक वापरले जाणारे, स्वस्त आणि सगळ्या चर्चांमध्ये ‘डोळे मिटून घ्या’ म्हणून सुचवले जाणारे ९ मि.मी. पॅराबेलम सामान्य नागरिकाच्या यादीतून इथेच गळते. यावर हळहळण्यात अर्थ नाही. तसेच १९८० च्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी पिस्तूल आयात करता येत नाही, नामांकित नेमबाजांना मात्र सवलती आहेत. परिणामी नव्या परवान्यावर बहुतेक माणसे जे घेतात ते सरकारी कारखान्यांतले ‘बत्तीस बोअर’, म्हणजे .३२.

अर्ज कोणाकडे करायचा, हे राहण्याच्या पत्त्यावर ठरते. पुणे शहरात पोलीस आयुक्तालय, पिंपरी-चिंचवडमध्ये २०१८ साली सुरू झालेले तिथले स्वतंत्र आयुक्तालय, आणि ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकारी. परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, पोलीस पडताळणी होते, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका बाळगता येतात (पूर्वी तीन चालत), आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे. स्वसंरक्षणाचे कारण देणाऱ्याला धोका खरोखर आहे हे दाखवावे लागते. ‘असावे एखादे’ हे कारण चालत नाही, आणि माझ्या मते ते चालू नये हेच योग्य आहे.

एअर पिस्तुलाचा मार्ग यापेक्षा कितीतरी मोकळा आहे. ४.५ मि.मी. बोअरच्या आणि २० ज्यूलच्या मर्यादेतल्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. ओळखपत्र दाखवून ते घेता येते.

तिसरी पायरी : आकड्यांचा अर्थ लावणे

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने गोळीचा व्यास, इंचाच्या शतांशात वा सहस्रांशात किंवा मिलिमीटरमध्ये. ‘ढोबळमानाने’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण .३८ स्पेशलची गोळी प्रत्यक्षात .३५७ इंचाची असते आणि .४४ मॅग्नमची .४२९ इंचाची. नावे व्यापाराने पडली आहेत, मोजपट्टीने पडलेली नाहीत. शिवाय व्यासावरून ताकद कळत नाही. तिच्यासाठी गोळीचे वजन आणि नळीतून बाहेर पडतानाचा वेग पाहावा लागतो, आणि शाळेत शिकलेले गतिज ऊर्जेचे सूत्र इथे सरळ लागू पडते : वस्तुमानाचा निम्मा गुणिले वेगाचा वर्ग. गोळीचे वजन ग्रेनमध्ये छापलेले असते. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम.

या हिशेबाने पाहिले तर स्पर्धेचे ४.५ मि.मी. एअर पिस्तूल अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्याला जेमतेम ५ ते ६ ज्यूल ऊर्जा देते. .२२ लाँग रायफलची ४० ग्रेनची गोळी पिस्तुलातून सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाने सुटली, तर सुमारे ११५ ज्यूल होतात. बत्तीसची दोन काडतुसे (त्यांची ओळख पुढे येते) १५० ते १७५ ज्यूलच्या आसपास आहेत. ९ मि.मी. पॅराबेलम ४८० च्या घरात, १९३५ साली बाजारात आलेले .३५७ मॅग्नम सुमारे ७२० आणि .४४ मॅग्नम नळीच्या लांबीनुसार १,००० ते १,३०० ज्यूल. २००३ साली आलेले .५०० स्मिथ अँड वेसन ३,००० ज्यूलच्याही पुढे जाते. या रांगेच्या शेजारी .३०-०६ या जुन्या, सर्वसाधारण शिकारी रायफलीचे सुमारे ३,८०० ज्यूल ठेवले की हँडगनने शिकार करणे हा मुळातच अवघड वाटेचा खेळ का आहे, ते दिसते.

अमेरिकेत जिथे ही शिकार कायदेशीर आहे तिथे राज्ये किमान अटी घालतात. कोलोरॅडोमध्ये मोठ्या प्राण्यांसाठी हँडगनची नळी किमान ४ इंच, गोळी किमान .२४ कॅलिबरची आणि ५० यार्डांवर किमान ५५० फूट-पौंड, म्हणजे सुमारे ७४५ ज्यूल ऊर्जा अशी अट आहे. .३५७ मॅग्नमचा नेहमीचा भार नळीच्या तोंडाशीच ७२० ज्यूल देतो, म्हणजे ५० यार्डांवर तो या अटीत बसत नाही. ‘.३५७ हरणाला पुरते’ असे ठामपणे सांगणारे लोक हा तपशील सहसा सांगत नाहीत. प्राण्याला झटपट व कमी यातनेत मारणे हे तिथल्या शिकाऱ्याचे नैतिक बंधन मानले जाते, म्हणून तिथला अनुभवी माणूस अंतर कमी ठेवतो आणि ऊर्जा जास्त घेतो.

अस्वलांच्या प्रदेशातला विचार पुन्हा वेगळा. तिथे ऊर्जेपेक्षा गोळी किती खोल जाते याला महत्त्व असते. म्हणून टोकाला पोकळी असलेली, आत शिरताच फुलणारी गोळी टाळून कठीण मिश्रधातूची, सपाट तोंडाची, न फुलणारी गोळी निवडली जाते. एकाच .४४ मॅग्नममध्ये या दोन गोळ्या दोन वेगळी हत्यारे असल्यासारख्या वागतात. मात्र अमेरिकेची राष्ट्रीय उद्यान सेवासुद्धा अस्वलांच्या भागात जाणाऱ्याला मिरचीच्या अर्काचा फवारा जवळ ठेवायला सांगते.

चौथी पायरी : आपल्याकडच्या तीन पर्यायांतून निवड

नवशिक्याने सुरुवात ४.५ मि.मी. एअर पिस्तुलापासून करावी, याबाबत माझ्या मनात संदेह नाही. पुण्यात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात नेमबाजीची रेंज आहे, आणि शहरात दहा मीटरच्या खाजगी रेंजही निघाल्या आहेत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला असला, तरी त्याचा सराव बालेवाडीत झाला. तेव्हा आपल्या गावात काही सोय नाही ही तक्रार पुणेकराने करू नये. राज्य नेमबाजी संघटनेशी संलग्न क्लबमध्ये नाव घातले की क्लबच्या पिस्तुलावर शिकता येते आणि खरेदी काही महिने पुढे ढकलता येते.

दहा मीटरच्या एअर पिस्तूल लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मि.मी. व्यासाचे असते, म्हणजे एका रुपयाच्या नाण्याच्याही निम्म्याहून किंचित मोठे. एका हाताने, हात सरळ ताणून, किमान ५०० ग्रॅम दाबाचा चाप ओढताना छर्रा सुटण्याच्या क्षणी पिस्तुलाच्या पुढच्या माशीचे (नेम धरण्याच्या खुणेचे) टोक हलले की छर्रा सातच्या वर्तुळात जातो. झटका नाही, मोठा आवाज नाही, त्यामुळे चूक कुठे झाली ते लपत नाही. स्पर्धेत ६० छर्रे ७५ मिनिटांत मारायचे असतात आणि चाळिसाव्या छर्ऱ्यानंतर खांदा बोलू लागतो. मोठ्या बोअरवर थेट शिकलेला माणूस आवाजाला आणि झटक्याला घाबरून चाप हिसकायला शिकतो, आणि ती सवय पुढे वर्षानुवर्षे मोडत नाही.

दुसरा पर्याय .२२ लाँग रायफल. २५ मीटरच्या स्पर्धांमधले हे प्रमुख काडतूस आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतले सुवर्णपदक २५ मीटर पिस्तूल प्रकारात याच बोअरवर मिळवले. झटका नाममात्र, काडतूस तुलनेने स्वस्त. पण या पिस्तुलाला परवाना लागतो, आणि चापाचा किमान दाब एअर पिस्तुलाच्या दुप्पट, म्हणजे १,००० ग्रॅम असतो. एक बारीक पण खर्चिक गोष्ट सांगून ठेवतो. .२२ मध्ये पेटवणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि खटक्याची सुई त्या कडेवर आपटते. त्यामुळे रिकाम्या पिस्तुलाचा चाप घरी सरावासाठी ओढत राहिल्यास सुई थेट चेंबरच्या (काडतूस बसते त्या पोकळीच्या) काठावर आदळते आणि काठाला खाच पडते. सरावासाठी प्लॅस्टिकची खोटी काडतुसे मिळतात, ती वापरावीत. क्रीडेचा हेतू असेल तर एअरनंतर .२२ हाच क्रम धरावा, मधे दुसरे काही नाही.

तिसरा पर्याय बत्तीस. इथे नवशिक्याची सर्वाधिक फसगत होते, कारण ‘बत्तीस’ या एका नावाखाली दोन निरनिराळी काडतुसे आहेत. सरकारी कारखान्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३२ स्मिथ अँड वेसन लाँग चालते : मागे ठसठशीत कड, लांबट कवच, ९८ ग्रेनच्या आसपासची संथ गोळी. ‘अशनी’सारख्या पिस्तुलात .३२ ऑटो म्हणजे ७.६५ मि.मी. ब्राउनिंग चालते : आखूड कवच, नाममात्र कड, ७१ ग्रेनची जरा वेगवान गोळी. ही एकमेकांच्या जागी वापरायची नसतात. कागदोपत्री बोअर सारखे दिसले, तरी दुकानातून डबा घेताना काडतुसाचे पूर्ण नाव वाचूनच घ्यावे. परवान्यावरची नोंद आणि हातातले शस्त्र यांचा मेळ बसतो का, हेही त्याच वेळी पाहावे.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, या प्रश्नात माझे मत रिव्हॉल्व्हरच्या बाजूने झुकते, निदान ज्याला आठवड्यातून एकदाही रेंजवर जाणे जमणार नाही त्याच्यासाठी. त्यात काडतूस आहे की नाही ते सिलिंडर उघडताच दिसते, आणि एखादे काडतूस पेटले नाही तर चाप पुन्हा ओढला की पुढचे समोर येते. पिस्तुलात मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढले तरी चेंबरमध्ये एक काडतूस उरू शकते, आणि घरांतले बहुतेक अपघात ‘रिकामे आहे’ या समजुतीतूनच होतात. रिव्हॉल्व्हरची उणीव अशी की घोडा मागे न ओढता नुसता चाप ओढायचा तर बोटाला चार-पाच किलोचा दाब द्यावा लागतो, आणि त्या ओढीत नेम हमखास बाजूला जातो. कानपूरच्या कारखान्याने २०१४ साली आणलेले ‘निर्भीक’ हे .३२ चे रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅमचे आहे. इतके हलके शस्त्र पर्समध्ये सहज मावते, पण तेवढ्या वजनात सौम्य काडतुसाचा झटकाही मनगटाला जाणवतो. खरेदीपूर्वी तेच मॉडेल कोणा परवानाधारकाच्या देखरेखीखाली रेंजवर चालवून पाहता आले, तर नुसते कॅटलॉग वाचण्यापेक्षा पुष्कळ जास्त कळते.

क्रीडेतही बत्तीसला जागा आहे. २५ मीटर सेंटर फायर प्रकारात (यातल्या काडतुसात पेटवणारा मसाला कडेत नसून बुडाच्या मध्यभागी असतो) .३२ स्मिथ अँड वेसन लाँगचे ‘वॉडकटर’ काडतूस वापरतात. त्यातली गोळी टोकदार नसून सपाट असते आणि कवचाच्या तोंडाशी समतल बसवलेली असते. साध्या गोळीने पुठ्ठ्याच्या कडा फाटतात. वॉडकटर मात्र कागदपंचने मारल्यासारखे स्वच्छ गोल भोक पाडते, त्यामुळे गोळी रेषेला लागली की नाही यावर पंचाशी वाद होत नाही. पण हा प्रकार .२२ पक्के झाल्यावरचा.

काडतुसांच्या बाबतीत एक पुणेरी संदर्भ जाता जाता. आपल्याकडच्या कित्येक काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे कोरलेली असतात. ती १८६९ पासून चालू असलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण. या अक्षरांशेजारी बहुधा उत्पादनाच्या वर्षाचे आकडे असतात. जुना साठा ओळखायला त्यांचा उपयोग होतो.

पाचवी पायरी : डोंगरात आणि शेतघरावर

आता ‘रानात जवळ काय ठेवावे’ हा प्रश्न. भीमाशंकर, ताम्हिणी आणि सुप्याचे मयूरेश्वर ही पुणे जिल्ह्यातली अभयारण्ये. वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३१ नुसार अभयारण्यात शस्त्र घेऊन जायचे तर मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी पूर्वपरवानगी लागते. परवाना खिशात असणे पुरत नाही, आणि पावसाळ्यात ताम्हिणी घाटात धबधबे पाहायला जाताना गाडीच्या कप्प्यात रिव्हॉल्व्हर राहून गेले तरी तो गुन्हाच ठरू शकतो. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला कलम ३४ नुसार वन खात्याकडे नोंदणी करावी लागते. भीमाशंकरच्या परिसरात शेतघर घेतलेल्या अनेकांच्या हे गावीही नसते.

कायदा बाजूला ठेवून पाहिले तरी सह्याद्रीत पिस्तुलाचा उपयोग शून्याच्या जवळ जातो. गडावर माणसाला खरा त्रास होतो तो आग्या मोहोळाच्या माशांचा, घोणस-फुरशाच्या दंशाचा, निसरड्या कातळाचा आणि पाणी संपल्याचा. यांपैकी कशावरही कॅलिबर लागू पडत नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांत उसाच्या फडात बिबट्या खरोखर आहे, आणि माणसांवर हल्लेही झाले आहेत. पण बिबट्या मागून आणि जवळून येतो. पाठमोऱ्या, वाकलेल्या माणसाला हात कमरेपर्यंत न्यायलाही वेळ मिळत नाही, आणि १५०-१७५ ज्यूलची बत्तीसची गोळी जखमी बिबट्याला अधिक धोकादायक करण्यापलीकडे काही साधेल याची खात्री कोणी देऊ नये. अंगणात उजेड, रात्री एकट्याने बाहेर न पडणे, हातात घुंगुरकाठी, मोबाइलवर गाणी लावून चालणे आणि बिबट्या दिसल्यास वन खात्याला कळवणे हे उपाय तिथले लोक करतात. माणिकडोहचे बिबट निवारण केंद्र याच भागात आहे.

शहरात परवान्याचे शस्त्र बाळगून फिरायचे झाले तर नियमांप्रमाणे ते होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि स्वतःच्या ताब्यात असले पाहिजे. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढण्याची हौस आता २०१९ च्या दुरुस्तीने थेट दंडनीय केली आहे : दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघाला, तर पावती घेऊन ती परवान्यासोबत ठेवावी.

सहावी पायरी : घरी ठेवणे आणि पहिला दिवस

पिस्तूल आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत ठेवावीत. पुण्याच्या पावसाळ्यात चामड्याच्या होल्स्टरमध्ये शस्त्र महिनोन्महिने ठेवू नये. चामडे दमट होते आणि नळीवर गंजाचे ठिपके उमटतात. वापरानंतर नळीतून दारूचा काजळ काढून तेलाचा पातळ हात फिरवावा. तेल काडतुसांना लागू देऊ नये, ते झिरपून पेटवणारा मसाला निकामी करू शकते.

रेंजवरच्या पहिल्या दिवशी चाप ओढल्यावर नुसता ‘खट्’ असा आवाज आला आणि गोळी सुटली नाही, तर नवशिक्याचा हात आपोआप पिस्तूल तोंडासमोर वळवून ‘काय झाले’ ते पाहायला जातो. तसे करू नये. नळी लक्ष्याच्या दिशेनेच धरून तीस सेकंद थांबावे, कारण जुन्या किंवा दमट काडतुसात मसाला उशिरा पेटू शकतो. त्यानंतर रेंज अधिकाऱ्याला मोकळा हात वर करून दाखवावा आणि त्याच्यासमोर काडतूस बाहेर काढून ते निकामी काडतुसांच्या डब्यात टाकावे.